पाचव्या वळणावरची काठी

"गाडी रुसली की आधी तिच्याजवळ गप्प बसायचं. हात मग लावायचा. काय दुखतंय ते तिचं तीच सांगते. आपण फक्त आपलं तोंड बंद ठेवायचं."

आजोबा असं सांगायचे, आणि तोंड बंद कसं ठेवायचं हे समजावताना स्वतः अर्धा तास बोलायचे. एरवी हे आठवून सुईला हसू आलं असतं. आज गॅरेजमधल्या उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसून ती आजोबांच्याच जुन्या व्हॅनकडे बघत होती आणि हसू कुठे आसपाससुद्धा नव्हतं.

मिस्त्रीकाकांनी बॉनेट धाडकन खाली सोडलं आणि चिंध्यांना हात पुसले.

"संपलं," ते बाबांना म्हणाले. "इंजिन म्हातारं झालंय. प्लग बदलले, फिल्टर बदलले, कार्बोरेटर दोनदा खोलून धुतला. आता माझ्या हातात काही नाही."

"पण काका, तुम्ही चालवून बघता तेव्हा तर नीट चालते," शंकासुर म्हणाला.

शंकासुर म्हणजे सुईचा धाकटा भाऊ. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. दिवसातून शंभर शंका विचारल्याशिवाय त्याला जेवण पचत नसे.

"सपाटीवर कोण चालत नाही रे? सपाटीवर माझे आजोबासुद्धा चालतात," मिस्त्रीकाका म्हणाले. "चढ लागला की दम लागतो. मग जरा वेळ बसतात, दम खातात, पुन्हा चार पावलं टाकतात. या गाडीचं तेच. पाचव्या वळणावर बसते, दम खाते, उठते, परत बसते. हे म्हातारपण. याला औषध नाही."

बाबा व्हॅनच्या दारावर हात ठेवून उभे होते, आजाऱ्याच्या अंगाला हात लावून ताप बघावा तसे.

"उद्या दुपारी घेऊन जा मग," शेवटी ते म्हणाले.

कुठे, ते मुलांना ठाऊक होतं. घाटमाथ्यावर, इस्पितळाच्या अलीकडे, एक भंगाराचं आवार होतं. तिथला माणूस मिस्त्रीकाकांच्या ओळखीचा होता. थांबत थांबत का होईना, व्हॅन शेवटची एकदा वर चढणार आणि खाली परत येणार नव्हती.

सुईच्या शेजारी बसलेल्या तिच्या मैत्रिणीने पेन्सिल थांबवली. हिला सगळे वही म्हणत, कारण ती वहीशिवाय कधी दिसतच नसे. यंदाच्या सुट्टीत घडलेलं सगळं लिहून काढायचं असा तिने निश्चय केला होता.

"हे पण लिहू?" तिने हळूच विचारलं.

सुईने मान हलवली. लिही.

आता तुम्ही म्हणाल, एक जुनी व्हॅन गेली तर एवढं काय? पण ती व्हॅन नुसती व्हॅन नव्हती. ती आत्याची घाट चढायची वाट होती. आत्याची मूत्रपिंडं दीड वर्षापासून निकामी झाली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला घाटमाथ्यावरच्या इस्पितळात न्यायचं, चार तास यंत्राला जोडून तिचं रक्त शुद्ध करून घ्यायचं, संध्याकाळी घरी आणायचं. बस त्या अरुंद रस्त्याने जात नसे. दुसऱ्या गाडीवाल्यांनी एकदोनदा मदत केली, पण आठवड्यातले दोन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोण कोणासाठी अडकून पडणार?

गेले तीन आठवडे व्हॅन प्रत्येक खेपेला घाटात बंद पडत होती. काल मंगळवारी तर ती तीनदा थांबली. इस्पितळात पोचेपर्यंत तासभर उशीर झाला, आत्याचं यंत्र दुसऱ्या आजाऱ्याला दिलेलं होतं आणि ते तसेच परत आले. आज बुधवारी सकाळी आत्याच्या पावलांवर सूज होती, आणि परिचारिकेने फोनवर एवढंच सांगितलं होतं, "शुक्रवार चुकवू नका. काही झालं तरी चुकवू नका."

* * *

घरी आत्या खिडकीशी खुर्चीत बसली होती. पाय समोरच्या स्टुलावर, उशीवर ठेवलेले. शिवणाचं मशीन कोपऱ्यात चादरीखाली झाकलेलं. त्या मशीनवर तिने अर्ध्या गावाच्या शाळेचे गणवेश शिवले होते. सुई चार वर्षांची असल्यापासून त्या मशीनखालच्या चिंध्यांत वाढली, आणि अंगाने काडी व हातात सदा दोरा, म्हणून आत्यानेच तिचं नाव सुई ठेवलं.

"अक्का," बाबा म्हणाले, "मी शहरात बोललोय. मोठ्या इस्पितळाशेजारी आजारी लोकांसाठी खोल्या आहेत. शुक्रवारी ॲम्ब्युलन्स येईल आणि तुला थेट तिकडे नेईल. मग घाटाची कटकटच नाही."

"किती दिवस?"

बाबा खाली बघत राहिले. "तिथेच राहावं लागेल, अक्का. महिन्यातून एकदा आम्ही येऊ."

आत्याने खिडकीबाहेर बघितलं. पूर्वी रोज पहाटे ती याच खिडकीशी हात जोडून घटकाभर बसायची आणि मगच मशीनला हात लावायची. ताप असो, पाऊस असो, तो नेम तिने कधी मोडला नव्हता. गेले पंधरा दिवस मात्र ती उशिरा उठत होती. सुईला ते बघवेना, म्हणून तीच पहाटे उठून तिच्याऐवजी हात जोडून बसायची. काय मागायचं ते तिला नीट कळत नसे. ती नुसती बसायची.

"मी शहरात जाणार नाही," आत्या म्हणाली. "आणि वरही नाही. आता पुरे."

"असं कसं बोलतेस?"

"कसं म्हणजे? तुझं दीड वर्ष त्या घाटात गेलं. तुझी बायको पहाटे बेकरीत पीठ मळते आणि दुपारी माझे पाय चेपते. पोरीची सुट्टी माझी पिशवी सांभाळण्यात चालली. एक खेप चुकली तर आभाळ कोसळलं नाही. आणखी चुकल्या तर चुकू देत."

ती हे रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिने ते भाजीत मीठ किती घालायचं हे सांगावं तसं सांगितलं. बाबा उठून बाहेर गेले. न्हाणीघरातला नळ बराच वेळ सुरू राहिल्याचं सुईने ऐकलं.

ती आत्याच्या पायांशी बसली.

"खूप त्रास होतो का गं गाडीत?"

"तसं नाही. हल्ली मळमळत नाही, तेवढं एक बरं. पण रस्त्यात बसून राहायचं, मागचे लोक भोंगे वाजवतात, तुझा बाबा घामाघूम होऊन इकडेतिकडे पळतो. मला ते बघवत नाही."

"गाडी वर चढली तर येशील?"

"न थांबता?"

"न थांबता."

आत्याने तिच्याकडे बघितलं. "न थांबता चढली, तर येईन. शब्द देते. पण नाही चढली, तर मला कोणी ओढायचं नाही. विचारायचंसुद्धा नाही. कबूल?"

सुईने मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे तिचं तिलाही कळलं नाही.

* * *

"सगळं सांग," वही म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

तिघं घरामागच्या पायऱ्यांवर बसली होती. प्रत्येक खेपेला आत्याबरोबर सुई गेली होती, त्यामुळे साक्षीदार तीच.

"सांगण्यासारखं काय आहे? सुट्टी लागली त्या आठवड्यात सुरू झालं. घाट लागेपर्यंत ठीक चालते. मग पाचव्या वळणाच्या आसपास गचके खायला लागते. बाबा पाय पूर्ण दाबतात, तरी जोर येत नाही. मग बंद."

"मग?"

"मग चाकांना दगड लावतो. बाबा बॉनेट उघडून बघतात. मग पेट्रोल संपलं की काय म्हणून काठी घालून बघतात."

व्हॅनचा पेट्रोल दाखवणारा काटा आजोबांच्या काळातच मेला होता. तेव्हापासून खाचा पाडलेली एक हातभर काठी गाडीतच असायची. टाकीचं झाकण उघडायचं, काठी बुडवायची आणि कितव्या खाचेपर्यंत ओली झाली ते बघायचं.

"पेट्रोल असतं?" शंकासुराने विचारलं.

"नेहमी असतं."

"मग?"

"मग पुन्हा सेल मारला की सुरू होते. दम खाऊन झालेला असतो ना."

"किती वेळ दम खाते?"

"कधी पाच मिनिटं, कधी वीस."

"का?"

"का म्हणजे काय, शंकासुरा? तिला लागतो तेवढा वेळ."

"नाही, पण घाट तोच, वळण तेच, गाडी तीच. मग कधी पाच आणि कधी वीस का? मी धावलो की मला दरवेळी सारखाच दम लागतो."

"तुला जिभेचा दम लागत नाही ना, तिथेच सगळं अडलंय," वही म्हणाली. पण तिने ते लिहून घेतलं आणि पेन्सिल कानामागे खोचली. "वीस मिनिटं कधी लागली होती?"

सुईने डोळे मिटले. "गेल्या शुक्रवारी. बाबांना काठी सापडत नव्हती. सीटखाली घरंगळत गेली होती. आम्ही सगळी गाडी उपसली."

"आणि पाच मिनिटं?"

"त्याच्या आधी. काठी माझ्या हातातच होती."

वहीने मागची पानं उलटली, पुढची उलटली आणि बोटांवर मोजलं. सहा खेपा, अकरा वेळा बंद पडणं, आणि अकराही वेळा गाडी कशानंतर सुरू झाली?

"काठी घातल्यावर," शंकासुर म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "म्हणजे काठीत जादू आहे?"

"जादूबिदू नसते," सुई म्हणाली. "दम खाऊन उठते की काठीने उठते, हे बघायचं कसं?"

"सोप्पं आहे. काठी द्यायचीच नाही. नुसता दम खाऊ द्यायचा."

"बाबांना सांगूया?"

तिघांनी बाबांकडे जाऊन सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं, सुईच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाळा, मिस्त्रीला पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. काठीने गाड्या बऱ्या होत नाहीत." ते चिडले नाहीत. त्यांच्यात चिडायला लागतं तेवढंही बळ उरलेलं नव्हतं.

मिस्त्रीकाकांकडे गेली, तर ते एवढे हसले की त्यांना खोकला आला.

"ठीक आहे," परत येताना वही म्हणाली. "मग विचारायचं नाही."

* * *

गुरुवारी दुपारी व्हॅन निघाली. मिस्त्रीकाका चालवत होते आणि बाबा शेजारी. "शेवटचं बसायचंय," असं सुई म्हणाली तेव्हा बाबांना नाही म्हणवलं नाही, आणि तिघं मागे चढली.

काठी शंकासुराच्या शर्टात होती. पाठीच्या कण्याला लागून, मानेपासून कमरेपर्यंत. त्यामुळे तो असा ताठ बसला होता की मिस्त्रीकाकांनी आरशात बघून विचारलं, "काय रे, सैन्यात भरती झालास काय?"

"शिस्त," शंकासुर म्हणाला.

घाट लागला. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. इंजिन छान गुरगुरत होतं आणि त्याचंच सुईला रडू येत होतं. चौथ्या वळणावर पहिला गचका बसला. मिस्त्रीकाकांनी खालचा गिअर टाकला, पाय दाबला. गाडीने आणखी दोन गचके खाल्ले, आवाज घशातच विरला आणि पाचव्या वळणावर ती उभी राहिली.

"बघा," मिस्त्रीकाका म्हणाले. "मी काय सांगत होतो?"

चाकांना दगड लागले. बाबांनी सवयीने सीटखाली हात घातला. "काठी कुठे गेली?"

शंकासुर आणखी ताठ झाला.

"राहू दे ती काठी," मिस्त्रीकाका म्हणाले. "पेट्रोल आहे, मी काल बघितलंय. दम खाऊ दे तिला."

दहा मिनिटं गेली. मिस्त्रीकाकांनी सेल मारला. इंजिन नुसतं घरघरलं. वीस मिनिटं झाली, तरी पुन्हा तेच. मागून आलेला एक ट्रक शिव्या देत कसाबसा बाजूने गेला. अर्धा तास झाला. मिस्त्रीकाकांनी पुन्हा किल्ली फिरवली, आणि या वेळी घरघरही मंद आली.

"आता बॅटरीपण मान टाकेल," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावर आठी आली. "हे कसं काय? एरवी एवढ्या वेळात उठते."

बाबा रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर जाऊन बसले. त्यांनी दोन्ही हातांत तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलत नव्हते, आवाज येत नव्हता, तरी सुईला कळलं. तिने बाबांना असं कधी बघितलं नव्हतं. खाली दरीत गावातली घरं काडेपेट्यांएवढी दिसत होती, आणि त्यातल्या एका काडेपेटीत आत्या पाय उशीवर ठेवून कशाचीच वाट न बघता बसलेली होती. काठीनेही गाडी उठली नाही, तर? मग आपण नुसता बाबांचा शेवटचा अर्धा तासही असा घालवला.

तिने शंकासुराला खूण केली. त्याने मानेमागून काठी उपसली. मिस्त्रीकाकांचा आ वासला.

"अरे चोरा—"

"मी सांगितलं होतं त्याला," सुई म्हणाली. "बाबा, एकदाच. काठी घालून बघा. फक्त कोणी बोलायचं नाही. अगदी कोणी नाही."

बाबा उठले. रागावण्यापेक्षा ऐकणं सोपं, म्हणून उठले असावेत. सुई टाकीला कान लावून उभी राहिली. घाटात वारा पडलेला होता. बाबांनी झाकण अर्धं फिरवलं.

स्स्स्स.

लांबलचक, खोल. खूप वेळ पाण्याखाली राहिलेल्या माणसाने वर येऊन श्वास ओढावा तसा. टाकी हवा आत ओढत होती.

"थांबा," सुई म्हणाली. "काठी घालू नका. झाकण लावा आणि सेल मारा."

मिस्त्रीकाकांनी किल्ली फिरवली. एकदा घरघर, दुसऱ्यांदा घरघर, आणि इंजिन सुरू झालं.

शंकासुर हातातल्या काठीकडे बघत म्हणाला, "म्हणजे हिच्यात जादू नाहीच. झाकणात आहे."

मिस्त्रीकाकांनी गाडी पुढे घेतली. दहाव्या वळणावर पुन्हा गचके आले. या वेळी ते स्वतः उतरले, स्वतः झाकणाला हात घातला आणि स्वतः कान लावला. स्स्स्स. त्यांनी डोकं खाजवलं.

"टाकीत हवा शिरत नाहीये," ते सावकाश म्हणाले. "इंजिन पेट्रोल ओढतं, तेवढी जागा टाकीत मोकळी होते, तिथे हवा यायला हवी. नाही आली, तर आतून असं ओढून धरलं जातं की पेट्रोल पुढे सरकतच नाही. सपाटीला थोडं पेट्रोल लागतं, भागतं. चढाला भरपूर लागतं, तेव्हा उपाशी मरते. म्हणून तर झाकणाला बारीक भोक ठेवलेलं असतं..."

त्यांनी झाकण उलटं केलं.

आत एक रबरी चकती बसवलेली होती. तपकिरी लाल, अंगावर बारीक उभ्या रेघा. भोक तिच्याखाली पूर्ण झाकलेलं.

"हे कोणी बसवलं?"

त्या रेघा सुईला पाठ होत्या. घरातल्या फाटलेल्या गरम पाण्याच्या पिशवीच्या त्या रेघा.

परीक्षा संपली त्या दिवशी आत्या गाडीतून उतरून अंगणात ओकली होती. म्हणाली होती, वळणावळणावर पेट्रोलचा वास येतो गं, डोकं फिरतं. सुईने दुसऱ्या दिवशी झाकणाचं माप घेतलं, पिशवीचं रबर कापलं आणि आत घट्ट बसवलं. वास गेला. तिला एवढा आनंद झाला होता, की कोणाला सांगायचंही राहून गेलं.

ती गप्प राहिली असती तर कोणाला कळलं नसतं. मिस्त्रीकाका म्हणाले असते, कोणा पंपवाल्याने बसवलं असेल.

"मी," ती म्हणाली. "वास येऊ नये म्हणून. आत्यासाठी."

ती रस्त्यावरच बसली. "मंगळवार माझ्यामुळे चुकला. तिच्या पायांना सूज माझ्यामुळे आली."

बाबा तिच्याशेजारी डांबरावर बसले. त्यांनी तिला जवळ घेतलं, पण "तुझी काही चूक नाही" असं ते म्हणाले नाहीत. बाबा खोटं बोलत नसत. ते म्हणाले, "मला विचारायला हवं होतंस." आणि जरा वेळाने, "आणि मी अकरा वेळा हे झाकण उघडलं. माझेच श्वास एवढे मोठे चालले होते की त्याचा आवाज मला आलाच नाही."

मिस्त्रीकाका चकती बोटांत फिरवत होते.

"कापलीय मात्र अशी, की कारखान्यातली मागे पडावी," ते म्हणाले. "जरा वेडीवाकडी कापली असतीस, तर हवा गेली असती आणि काही बिघडलं नसतं. काम चोख केलंस, तिथे घोटाळा झाला." मग त्यांचा आवाज खाली आला. "मीही काल टाकीत बघितलं. झाकण उलटं करून नाही बघितलं. पंचवीस वर्षांचा अनुभव म्हणे."

शंकासुराने तोंड उघडलं. वहीने त्याच्या पायावर पाय दिला.

चकती काढली. गाडी घाटमाथ्यावर पोचली, तेव्हा भंगारवाला आवाराच्या फाटकात उभा राहून हात करत होता. मिस्त्रीकाकांनी काच खाली केली.

"आज नाही रे. आज चुकून चालू गाडी आणली."

"आता घरी," बाबा म्हणाले.

"नाही," सुई म्हणाली. "खाली पायथ्यापर्यंत जायचं आणि पुन्हा चढायचं. शब्द न थांबता चढण्याचा आहे."

बाबांनी विचारलं नाही कसला शब्द. ते पायथ्याशी गेले, या वेळी चालवायला स्वतः बसले. वही मोठ्याने वळणं मोजत होती. पाच. दहा. पंधरा. पेट्रोलचा वास खिडकीतून भरभरून येत होता आणि शंकासुर हिरवापिवळा पडत चालला होता. एकवीस. माथा. गाडी कुठेही थांबली नव्हती.

* * *

संध्याकाळी मिस्त्रीकाका घरापर्यंत आले आणि आईला म्हणाले, "वहिनी, या तिघांना उद्यापासून गॅरेजात पाठवा. मला शिकवायला." आईने पिठाच्या हातांनीच शंकासुराचा गाल ओढला. वहीने ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

सुई मात्र आत्याच्या खोलीत गेली. तिने सगळं सांगितलं. पिशवी, चकती, मंगळवार. काही लपवलं नाही. सांगून झाल्यावर तिने चकती आत्याच्या हातात दिली.

आत्याने चकतीच्या कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा.

"कुठेही दातेरी नाही," ती म्हणाली.

"आत्या, गाडी न थांबता चढली. पण वास परत आलाय."

आत्याने चकती उशाशी ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिचा श्वास जड चालला होता. सुई दारात उभी होती. शब्द आत्याने दिला होता, म्हणून उद्याचं विचारायचं नाही, असं सुईने ठरवलं. तिने विचारलं नाही.

* * *

शुक्रवारी पहाटे आई बेकरीत निघून गेलेली होती. बाबांनी व्हॅन दाराशी आणून ठेवली, पुढची काच पुसली, पुसलेलीच पुन्हा पुसली. शहरातल्या ॲम्ब्युलन्सला त्यांनी रात्रीच नको म्हणून कळवलं होतं. आता आत्याही नाही म्हणाली, तर पुढे काय, हे त्यांना माहीत नव्हतं. सुई पायरीवर बसली होती. आत काही आवाज नव्हता. उजाडायला लागलं, निघायची वेळ झाली, होऊन गेली. बाबांनी एकदा दाराकडे बघितलं आणि मान खाली घातली.

मग आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

आत्या दारात आली. केस विंचरलेले, अंगावर शाल, काखेत इस्पितळाची फाईल. सुजलेल्या पावलांत चपला कशाबशा अडकवलेल्या. तिने कोणाला हाक मारली नाही, कोणाकडे बघितलं नाही. एक हात भिंतीला लावून ती पहिली पायरी उतरली, थांबली, दम घेतला आणि दुसरी उतरली.

सुई उठून तिच्या मागे एक पाऊल अंतर ठेवून चालू लागली. हात धरायला पुढे झाली नाही. आत्या आपली आपण गाडीकडे चालली होती.